हळद, गोकर्ण आणि मोबाइलचा कॅमेरा: घरच्या घरी पीएच कसा ओळखायचा आणि कुठे थांबायचं

पांढऱ्या शर्टवर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला, की डाग लाल होतो. आई म्हणते, "घाबरू नको, धुतला की जाईल." पाणी मारलं की तो परत पिवळा होतो. हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. म्हणजे पीएचची चाचणी आपण सगळ्यांनीच केली आहे, फक्त तिला ते नाव दिलं नव्हतं.

दुसरं उदाहरण रील्समधलं. निळा चहा, त्यात लिंबू पिळलं की जांभळा. तो चहा म्हणजे आपल्या कुंपणावर चढणारी गोकर्ण. तिथेही हाच खेळ चालू असतो.

शाळेच्या पुस्तकात या पदार्थांना "नैसर्गिक दर्शक" म्हणतात. आम्ल असेल तर एक रंग, आम्लारी असेल तर दुसरा. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. आज आपण त्याच्या पुढे जाऊ. धामणगाव रेल्वेसारख्या गावात, घरातल्या आणि कुंपणावरच्या वस्तूंनी दर्शक कसा बनवायचा, तो बरोबर सांगतो की नाही हे कसं तपासायचं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याचा रंग आकड्यात कसा वाचायचा, हे पाहू. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: वावरातली माती आणि बोरचं पाणी या दर्शकाने तपासलं, तर उत्तरावर किती विश्वास ठेवायचा. कारण चुकीच्या उत्तरावरून घरातले पैसे खर्च होऊ शकतात.

पीएच म्हणजे नेमकं काय?

पाण्यात हायड्रोजनचे आयन किती आहेत, याचा हा आकडा. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये तो मांडला. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होते. शेतीच्या मराठी पुस्तकांत आणि माती परीक्षणाच्या अहवालात यालाच "सामू" म्हणतात. घरच्या अहवालात "सामू ८.२" असं लिहिलेलं दिसलं, तर तो पीएचच आहे.

७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. पण ही पट्टी फूटपट्टीसारखी सरळ नाही, इथे एक पायरी म्हणजे दहा पट फरक. ८ आणि ९ मध्ये एकचाच फरक दिसतो, पण आम्लारीपणा दहा पटीने वाढलेला असतो. ८ आणि १० मध्ये शंभर पटीने. म्हणून "८.३ काय आणि ८.८ काय, सारखंच" असं इथे चालत नाही. याचा उपयोग पुढे मातीच्या वेळी होईल.

रंग का बदलतो?

फुलातला रंग म्हणजे एक रेणू. तो प्रकाशातला काही भाग शोषतो आणि उरलेला आपल्या डोळ्यापर्यंत येतो. आम्लात या रेणूला एक हायड्रोजन जास्त चिकटलेला असतो. आम्लारीत तो सुटतो. हायड्रोजन सुटला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, मग तो वेगळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. हायड्रोजन परत दिला की बहुतेक वेळा रंगही परत येतो. शर्टवरचा डाग धुतल्यावर पुन्हा पिवळा होतो तो यामुळेच.

आपल्या कामाच्या वनस्पतींत तीन प्रकारचे रंग आहेत.

पहिला कर्क्युमिन, हळदीतला. आम्लात पिवळा, साध्या पाण्यातही पिवळा. साधारण ७.४ च्या पुढे तो बदलायला लागतो आणि ८.६ च्या आसपास लालसर तपकिरी होतो. त्यामुळे लिंबू आणि पाणी यातला फरक हळदीला कळत नाही. पण आम्लारीच्या उंबरठ्यावर ती फार कामाची आहे.

दुसरा अँथोसायनिन. जास्वंद, गोकर्ण, जांभळाची साल, लाल अंबाडीची बोंडं, सगळ्यांत हेच कुटुंब. आम्लात लाल-गुलाबी, मध्ये जांभळा-निळा, पुढे हिरवा आणि कडक आम्लारीत पिवळा. यातला हिरवा म्हणजे एकच रेणू हिरवा झाला असं नसतं. काही रेणू निळे असतात, काही तुटून पिवळे झालेले असतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला हिरवं दिसतं. गुलाब लाल आणि कॉर्नफ्लॉवर नावाचं युरोपातलं फूल निळं, पण दोन्हींत मूळ रंगद्रव्य एकच आहे, हे जर्मनीच्या रिशार्ड विलश्टेटर यांनी दाखवलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिसरा बीटमधला बीटानिन. बीट लालभडक असल्यामुळे अनेक जण तेच आधी घेतात. पण साधारण ३ ते ७ पर्यंत त्याचा रंग फारसा हलतच नाही. कडक आम्लारीत एकदम पिवळा होतो. मधल्या मोजमापासाठी बीट निरुपयोगी.

वनस्पतीच्या रंगावरून आम्ल ओळखायची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ च्या आपल्या रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या सरबताने आम्ल आणि आम्लारी ओळखल्याचं लिहिलं आहे. शाळेतला लिटमस पेपरही दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासूनच येतो.

धामणगावात काय मिळेल?

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर बडनेरा आणि वर्ध्याच्या मधलं हे गाव. लाल कोबी शोधत अमरावतीला जायची गरज नाही.

- जास्वंद: वर्षभर, जवळपास प्रत्येक आळीत. लाल, एकेरी पाकळीची घ्या.
- गोकर्ण: पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरपूर. फुलं सावलीत वाळवून बरणीत ठेवली की वर्षभर चालतात.
- हळद: स्वयंपाकघरात.
- जांभूळ: जूनमध्ये. फक्त साल घ्या, गर नको.
- लाल अंबाडीची बोंडं: हिवाळ्यात. हा अर्क मुळातच आंबट असतो. म्हणजे तो ज्यात घालाल त्याचा पीएच थोडा खाली आणतो. गंमत म्हणून ठीक, मोजायला नको.
- पळस: फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं पेटल्यासारखी दिसतात. होळीच्या रंगासाठी फुलं उकळताना त्यात चुना घातला की पिवळा रंग गडद केशरी होतो. तोही आम्लारीचाच परिणाम. पण फरक छटांचा आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला वाचायला अवघड.

एकच निवडायचं असेल तर गोकर्ण. सोबतीला हळद. का, ते कॅमेऱ्याच्या भागात कळेल.

दर्शक बनवायची पद्धत

१. पाणी आधी निवडा. ही पायरी बहुतेक व्हिडिओंत नसते. आपल्याकडचं बोरचं पाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट असतं. त्यात फुलं उकळली तर दर्शक चाचणीआधीच अर्धा रंग बदलून बसतो. आरओचं किंवा मेडिकल स्टोअरमधलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणीही चालेल.

२. गोकर्णीची १५ ताजी फुलं (किंवा १० वाळलेली), हिरवा देठ काढून. एक कप गरम पाण्यात टाका. उकळत ठेवू नका, झाकून १० मिनिटं ठेवा. गाळून घ्या.

३. हळदीचा दर्शक पाण्यात नीट होत नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. पाव चमचा हळद दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये हलवा, गाळ खाली बसू द्या, वरचा पिवळा भाग घ्या. स्पिरिट पेटतं. गॅस चालू असेल त्या खोलीत हे करायचं नाही.

४. अर्क फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. वास आला किंवा वर बुरशी दिसली की फेका.

५. पट्ट्या हव्या असतील तर वहीचा किंवा झेरॉक्सचा कागद घेऊ नका. बऱ्याच पांढऱ्या कागदात चुनखडीची भुकटी भरलेली असते, म्हणजे कागद स्वतःच थोडा आम्लारी असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो फिल्टर पेपर घ्या. किंवा आपल्या भागात कशाला कमी नाही ते घ्या: पांढरं सुती कापड. साबण न लावता, चांगल्या पाण्यात तीन-चारदा खळबळून, वाळवून, मग अर्कात बुडवा आणि सावलीत वाळवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून पट्ट्या डब्यात ठेवा.

आता खरी गोष्ट: तुलनेची रांग

नुसता रंग पाहून "पीएच ८ आहे" म्हणणं म्हणजे वजनकाट्याशिवाय वजन सांगणं. आपल्याला माहीत असलेले नमुने रांगेत हवेत. सहा सारख्या पारदर्शक वाट्या घ्या:

- लिंबाचा रस, गाळलेला: २ ते २.५
- पानटपरीवरचा साधा सोडा, आत्ताच उघडलेला: ४ ते ५
- आरओचं पाणी: ६ ते ७
- खाण्याचा सोडा, अर्धा चमचा एक कप आरओ पाण्यात: सुमारे ८.३
- धुण्याचा सोडा, तेवढाच: सुमारे ११
- चुन्याची निवळी: सुमारे १२.४

यातला खाण्याचा सोडा फार उपयोगी आहे. चमचा थोडा कमी-जास्त झाला तरी त्याचा पीएच ८.३ च्या जवळच राहतो. घरात मिळणारा इतका स्थिर दुसरा नमुना नाही. फक्त तो थंड पाण्यात आणि ताजा बनवा. गरम केला किंवा बराच वेळ उघडा ठेवला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो.

तुरटी मात्र या रांगेत घेऊ नका. ती आम्ल आहे, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम अँथोसायनिनला चिकटून रंग निळ्या-जांभळ्याकडे ओढतं. म्हणजे आम्ल असूनही दर्शक खोटं बोलतो.

प्रत्येक वाटीत दोन मोठे चमचे द्रव आणि गोकर्णीचे बरोबर २० थेंब. तपासायच्या नमुन्यातही तेवढंच. लिंबात गुलाबी, सोड्यात जांभळट, पाण्यात निळा, खाण्याच्या सोड्यात निळा-हिरवा, धुण्याच्या सोड्यात हिरवा आणि चुन्यात हिरवट पिवळा, असा क्रम दिसायला हवा.

दोन मिनिटांत फोटो काढा. कडक आम्लारीत हे रेणू तुटत जातात. चुन्याच्या वाटीत तासाभराने लिंबू पिळून पाहा, सुरुवातीचा गुलाबी पूर्ण परत येत नाही. उशिरा काढलेला फोटो म्हणजे दुसरंच मोजमाप.

कॅमेरा खोटं का बोलतो?

मोबाइलचा कॅमेरा रंग मोजण्यासाठी बनवलेला नाही, फोटो छान दिसण्यासाठी बनवलेला आहे. पिवळ्या बल्बखाली पांढरी भिंत पांढरीच दिसावी म्हणून तो स्वतःच रंग सरकवतो. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. त्यात एचडीआर आणि "एआय सीन" आलं, की हिरवं अजून हिरवं, निळं अजून निळं. आज काढलेल्या फोटोची उद्याच्या फोटोशी तुलना केली तर तुम्ही पाणी नाही, कॅमेऱ्याचा मूड मोजताय.

उपाय साधा आहे. तपासायचा नमुना आणि तुलनेची रांग एकाच फोटोत, एकाच पांढऱ्या कागदावर. मग कॅमेऱ्याने जो काही घोळ घातला तो सगळ्यांवर सारखाच घातलेला असतो. बाकी काळजी अशी:

- सावलीतला दिवसाचा उजेड. निळ्या ताडपत्रीखाली किंवा रंगीत भिंतीजवळ नको.
- फ्लॅश, एचडीआर, फिल्टर बंद.
- प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का करा.
- फोटो सरळ वरून. वाटीवर तुमची सावली नको.

आता कोणतंही मोफत कलर पिकर ॲप उघडा आणि प्रत्येक वाटीच्या मध्यावर बोट ठेवा. ते लाल, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे देईल. त्याच फोटोतल्या पांढऱ्या कागदाचेही घ्या. समजा कागदाचे आले २४०, २२५, १९०. कागद पांढरा आहे, म्हणजे तिन्ही सारखे हवे होते. निळा कमी पडलाय, उजेड पिवळा आहे. नमुन्याचे आले १५०, ११०, ९५. दुरुस्तीसाठी हिरव्याला २४०/२२५ ने आणि निळ्याला २४०/१९० ने गुणा. उत्तर १५०, ११७, १२०. आधी जो रंग नारिंगी-तपकिरी वाटत होता, तो खरं तर फिकट गुलाबी होता. फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे ही दुरुस्ती ढोबळ आहे, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरी.

तीन आकड्यांपेक्षा एक आकडा सोपा. ॲपमध्ये "ह्यू" असा आकडा अंशांत दिसतो. रंगांचं वर्तुळ समजा: लाल ०, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०, गुलाबी ३३० च्या आसपास. गोकर्णीची खासियत इथे आहे. पीएच वाढत गेला की ती या वर्तुळावर एकाच दिशेने चालते: गुलाबी, जांभळा, निळा, हिरवा, पिवळा. मागे वळत नाही. त्यामुळे नमुन्याचा ह्यू कोणत्या दोन वाट्यांच्या मध्ये पडतो ते सरळ दिसतं. जास्वंदीचं तसं नाही. साधारण ४ ते ६ च्या मध्ये तिचा रंग इतका फिकट होतो, की ॲप दरवेळी वेगळा आकडा देतं.

दर्शकाचीच परीक्षा घ्या

कोडला जशी टेस्ट लागते, तशी दर्शकालाही. तीन चाचण्या पुरेशा आहेत.

पहिली, तोच नमुना तीन वेगळ्या वाट्यांत घ्या. तिन्हींचा ह्यू जितका वेगळा येईल, तितकी तुमची चूक धरायची. त्याहून बारीक फरकावर बोलायचं नाही.

दुसरी, आंधळी चाचणी. बहिणीला किंवा मित्राला सांगा: वाट्यांवर अ, ब, क लिही, काय कशात घातलं ते मला सांगू नको. दहा वाट्या ओळखा. किती बरोबर आल्या ते वहीत लिहा. आधी माहीत असलं की डोळा हवा तोच रंग पाहतो.

तिसरी, शिळेपणाची. आजचा अर्क आणि तीन दिवसांपूर्वीचा अर्क त्याच खाण्याच्या सोड्यात. रंग वेगळा आला तर जुना अर्क बाद.

एवढं केलं तर गोकर्णीचा दर्शक साधारण एका पायरीच्या आत उत्तर देतो. म्हणजे "७ ते ८" असं म्हणता येईल, "७.६" असं नाही.

वावरातली माती: खारवट की चोपण?

आता ज्यासाठी हे सगळं केलं तो प्रश्न. वऱ्हाडातली काळी कसदार माती मुळातच थोडी आम्लारी असते, बऱ्याच ठिकाणी ७.५ ते ८.५. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. धामणगाव त्यात येत नाही, ते जिल्ह्याच्या पूर्वेला, वर्धा नदीच्या बाजूला. पण पाण्याचा निचरा नीट न होणारं, पीक पिवळं पडणारं वावर कुठेही असू शकतं आणि "जमीन खराब झाली" असं म्हणून कोणीतरी जिप्सम टाकायला सांगतं.

इथे दोन वेगळे आजार आहेत. खारवट जमीन म्हणजे विरघळणारे क्षार जास्त, पण सामू साधारण ८.५ च्या खाली. उपाय: चर काढून निचरा सुधारणं आणि चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढणं. चोपण जमीन म्हणजे मातीच्या कणांवर सोडियम बसलेला, सामू ८.५ च्या वर. तिथे जिप्सम कामाचं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. आजार खारवटचा आणि औषध चोपणचं, असं झालं तर जिप्समची पोती आणि मजुरी दोन्ही पाण्यात.

फुलाचा दर्शक इथे काय करू शकतो? वाळवलेली, चाळलेली १० ग्रॅम माती, २५ मिली डिस्टिल्ड पाणी, नीट ढवळा, अर्धा तास थांबा. वरचं निवळलेलं पाणी गाळून दोन भाग करा. एकात गोकर्ण, दुसऱ्यात हळद. शेजारी खाण्याच्या सोड्याच्या तशाच दोन वाट्या. सोडा आहे ८.३ ला, म्हणजे बरोबर त्या हद्दीच्या दारात. मातीचं पाणी सोड्यापेक्षा स्पष्ट जास्त हिरवं, आणि हळदीत स्पष्ट जास्त लाल आलं, तर चोपण असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. अजून एक खूण: चोपण मातीचं पाणी लवकर निवळतच नाही, सोडियममुळे चिकणमातीचे कण तरंगत राहतात. खारवट मातीचं पाणी मात्र पटकन स्वच्छ होतं.

पण उलटं म्हणता येत नाही. रंग सोड्याइतकाच आला म्हणून जमीन चांगली, असं नाही. ती खारवट असू शकते. दर्शकाला मीठ दिसतच नाही. खात्री करायची असेल तर एक वाटी आरओ पाण्यात तीन चमचे मीठ विरघळवा आणि गोकर्णीचे २० थेंब टाका. रंग जवळपास निळाच राहील. समुद्रापेक्षाही खारट पाणी, आणि दर्शक म्हणतो सगळं ठीक.

क्षार मोजायला विद्युत वाहकता लागते. ती माती परीक्षणात मोजतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब यांच्यासह १२ गोष्टी असतात. नमुना कसा आणि कुठे द्यायचा ते तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात सांगतात. तुमच्या दर्शकाचा खरा उपयोग हा: वावराच्या चार कोपऱ्यांतली माती आधी घरी तपासा, जो कोपरा वेगळा दिसतो तिथला नमुना वेगळ्या पिशवीत द्या. सगळी माती एकत्र मिसळली असती तर तो फरक अहवालात बुडून गेला असता.

बोरचं पाणी: रंग चांगला म्हणजे पाणी चांगलं नाही

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ सांगितला आहे. गोकर्ण निळी राहिली की लोक म्हणतील, "पाणी पास." थांबा. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू, यातलं काहीही पीएच न हलवता पाण्यात असू शकतं. दर्शक एवढंच सांगतो की पाणी फार आम्ल किंवा फार आम्लारी नाही. बाकीच्यासाठी ग्रामपंचायतीकडचं तपासणी किट किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याची प्रयोगशाळा आहे. "फुलाने तपासलं, पाणी शुद्ध आहे" असा फॉरवर्ड ग्रुपवर आला, तर तो पुढे पाठवू नका आणि कारणही लिहा.

हे करू नका

- संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. नमुने म्हणून या दोन्ही वस्तू घेऊच नका. ब्लीच तर दर्शकाचा रंगच मारून टाकतं, मोजमाप होतच नाही.
- चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, पुडी लहान मुलांच्या हातात देऊ नका. गेलाच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.
- फवारणीच्या औषधाचे डबे, झाकणं, मापं वापरू नका, धुतलेली असली तरी.
- चाचणी झालेलं काहीही चाखायचं नाही. निळा चहा वेगळ्या कपात.

थोडक्यात

गोकर्णीचं फूल म्हणजे सेन्सर, कॅमेरा म्हणजे वाचणारा, आणि खाण्याच्या सोड्याची वाटी म्हणजे दोघांना खरं बोलायला लावणारा साक्षीदार. साक्षीदार नसेल तर महागडा फोनही अंदाजच सांगतो. आणि साक्षीदार असला तरी फुलाला जे दिसतच नाही, त्याबद्दल ते काही बोलत नाही.

या आठवड्यात एवढं करून पाहा: घरचं बोरचं पाणी, आरओचं पाणी आणि खाण्याचा सोडा, तिन्हींच्या वाट्या एका पांढऱ्या कागदावर, गोकर्णीचे २० थेंब, एक फोटो. तीन ह्यू वहीत लिहा, तारखेसकट. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा हेच करा. बोरचं पाणी सोड्याच्या जवळ सरकतंय की लांब जातंय, हे तुमच्याच आकड्यांवरून कळेल. सरकलेलं दिसलं, तर तीच वही घेऊन प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना द्या.